रुमालाचा होकार

झाड पहिल्यांदा बोललं तेव्हा पुढच्या रांगेतल्या शिंपिणीच्या हातातली पिशवीच गळून पडली. आवाज शिट्टीसारखा बारीक होता, पण वर वर चढत जाणारा. कुणी लाजत लाजत ‘हो’ म्हणावं तसा. तळ्याकाठी जमलेल्या गर्दीने लांब उसासा सोडला. बुंध्याशी लाकडी पेटी मांडून बसलेल्या झाडबाबाने डोळे मिटले आणि सगळ्यांना मिटायला सांगितले.

“मित्रांनो, चारशे वर्षांपूर्वी काही तत्त्वज्ञांनी निसर्गाचा खून केला,” तो म्हणाला. आवाज मधात बुडवून काढलेला. “म्हणाले, जग म्हणजे यंत्र. जनावरं म्हणजे घड्याळं. कुत्रं केकाटलं तर म्हणे आतली स्प्रिंग कुरकुरली. त्या दिवसापासून झाडं मुकी झाली. खरं तर झाडं मुकी नव्हती, आपण बहिरे होतो. ही पेटी तुमचे कान आहे. हिला दगड ऐकू येत नाही, कापड ऐकू येत नाही. हिला फक्त आत्मा ऐकू येतो.”

पेटीतून निघालेल्या दोन तारांचे चिमटे एका रुंद पानाला लावले होते. बाबाच्या उजव्या हाताशी एक फवाऱ्याची बाटली होती. तिच्यात प्रेमजल होतं. डाव्या हाताशी मखमलीचा तुकडा होता, तो पान कुरवाळण्यासाठी.

गर्दीच्या मागे गुरांची डॉक्टर उभी होती. अंगाला अजून शेळीचा वास येत होता. सकाळीच तिने नाल्याच्या तोंडाशी मेलेली आणखी एक शेळी उघडून पाहिली होती आणि आतड्याचं भाजलेलं अस्तर पाहून हात धुतले होते. रंगाच्या कारखान्याचं थोडं सांडपाणी त्या नाल्यातून तळ्यात येतच होतं. आता कारखान्याला जाड पाइप टाकून सगळंच पाणी तळ्यात सोडायचं होतं. अख्खं गाव त्याच तळ्याचं पाणी पीत होतं.

मध्ये अडलं होतं ते एकट्या तिच्या मामामुळे. पाइपची वाट त्याच्या जमिनीतून जात होती. मामा म्हणजे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला, आईबापाविना राहिलेल्या भाचीला एकट्याने वाढवणारा, कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस. कारखान्याच्या मॅनेजरने त्याच्या घराचे उंबरे झिजवले, उपयोग झाला नाही. मग मॅनेजर झाडबाबाला घेऊन आला. आणि मामा विरघळला.

“झाड हो म्हणालं तर माझी हरकत नाही,” असं त्याने चारचौघांत सांगून टाकलं.

दुपारी जेवताना ती म्हणाली होती, “मामा, पाइप टाकायचा की नाही हे झाडाला विचारणार तुम्ही?”

“अगं, जन्मभर मी वर्गात हेच सांगत आलो की जगाला यंत्र म्हटलं आणि माणसाने त्याचे लचके तोडायला सुरुवात केली. आता कुणीतरी उलटं बोलतोय. बरं वाटतं ऐकायला.”

“बरं वाटलं म्हणून खरं मानायचं नाही, हे मला कोणी शिकवलं?”

“तू शेळ्या बघ. झाडं माझ्यावर सोड.”

तोच मामा आता पहिल्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता आणि रुमालाने गाल पुसत होता. झाडाचा पहिला सूर ऐकल्यापासून त्याचं रडं थांबलं नव्हतं.

“हे वृक्षराजा,” बाबाने विचारलं, “तुला कुणी तोडावं का?”

सगळ्यांचे डोळे मिटलेले. डॉक्टरचे उघडे. बाबाने मखमलीने पान हळुवार पुसलं. सूर घसरत घसरत घोगरा झाला. नाही.

“तुला माणसांचं प्रेम हवं का?”

फवारा फुसफुसला. सूर वर चढला. हो.

डॉक्टरला हसूच आलं. गाईच्या हृदयाचा आलेख काढताना चिमटे लावण्यापूर्वी ती स्वतः कातडी ओली करत असे. ओलं केलं की वीज सहज वाहते. कोरडं राहिलं तर यंत्र रुसतं.

“आता शेवटचा प्रश्न,” बाबाचा आवाज कापरा झाला. “कारखान्याचं पाणी तू आपल्या पोटात घेशील का? माणसाला क्षमा करशील का?”

फवारा चांगला तीनदा फुसफुसला. झाड आनंदाने किंचाळलंच म्हणायचं. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. मामा उठून उभा राहिला, काहीतरी बोलायला.

“थांबा मामा,” मागून आवाज आला. “मलाही झाडाला एक विचारायचंय.”

“विचारा ना ताई,” बाबा प्रेमळ हसला. “झाड सगळ्यांचं आहे.”

ती पुढे आली. “मामा, तुमचा रुमाल द्या जरा.”

“अगं, भिजलाय तो.”

“म्हणूनच मागतेय.”

कुणाला काही कळायच्या आत तिने पानाचे चिमटे काढून रुमालाला लावले आणि रुमाल सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

“रुमालराव, कारखान्याचं पाणी पिणार का?”

रुमालाने असा काही सूर लावला की झाड त्याच्यापुढे घोगरं वाटावं. शिंपीण फसकन हसली.

“अश्रूंत मीठ असतं,” डॉक्टर म्हणाली. “साध्या पाण्यापेक्षा त्यातून वीज जास्त जाते. ही पेटी चिमट्यांमधून थोडीशी वीज सोडते. जास्त वाहिली की आवाज चढतो, कमी वाहिली की उतरतो. ‘हो’ हवं तेव्हा हे पान भिजवतात, ‘नाही’ हवं तेव्हा पुसतात. तुमचे डोळे मिटलेले असतात एवढंच.”

“ताईंचं मनच यंत्राचं आहे,” बाबाचा मध आटला होता. “जनावरांना घड्याळं म्हणत जिवंत कुत्री फळ्यांना ठोकून कापणाऱ्यांच्या शाळेतल्या ह्या. ह्यांना काय कळणार वेदना?”

“ते कापणारे चुकलेच,” ती शांतपणे म्हणाली. “म्हणून तर शेळ्यांचा जाब विचारतेय. मॅनेजरसाहेब, परवा मी शेळ्यांचं सांगायला आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

मॅनेजर खाकरला. “आता ते कशाला, मॅडम.”

“म्हणालात, शेळीच ती, बिघडली असेल. म्हणजे शेळी मेली की निसर्ग यंत्र, आणि पाइप टाकायचा म्हटलं की त्याला आत्मा. मामा, ह्याला तुमच्या पुस्तकांत काही नाव आहे का?”

मामा रुमालाकडे बघत होता. त्याने चष्मा पुसला, तोही शर्टाच्या टोकाने, कारण रुमाल भाचीच्या हातात गात होता.

“जगाला यंत्र म्हणणाऱ्यांच्याच काळात भिंगं घासून पोट भरणारा एक विचारवंत होता,” तो म्हणाला. “देव आणि निसर्ग एकच, असं म्हणायचा. ह्या बाबाच्या तोंडून तसंच काही ऐकलं आणि मी पाघळलो. पण त्याचं पुढचं म्हणणं बाबा सांगत नाही. निसर्ग माणसासाठी काही करत नाही. तो रुसत नाही, लाड करत नाही, क्षमाही करत नाही. त्याच्यात कारणं असतात आणि परिणाम असतात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. आणि एका शिट्टीवर विसरलो.”

“पण सर,” मॅनेजर पुढे सरकला, “तुम्ही शब्द दिलाय. झाड हो म्हणालंय.”

“झाड कुठे? रुमाल म्हणाला. आणि रुमाल माझा आहे. त्याच्या वतीने मी नाही म्हणतो.”

हशा पिकला. बाबा पेटी आवरायला लागला. घाईत फवाऱ्याची बाटली उलटली आणि प्रेमजल त्याच्याच धोतरावर सांडलं.

लोक पांगण्याआधी डॉक्टरने त्यांना झाडाच्या मागच्या बाजूला नेलं. नाल्याकडच्या फांद्यांची पानं कडेने करपली होती, काही गळून चिखलात पडली होती. बाबाने ज्याला चिमटे लावले होते ते पान रस्त्याकडचं, हिरवंगार.

“झाडाला मन आहे की नाही, मला माहीत नाही,” ती म्हणाली. “आपल्याला माहीत आहे असं जो म्हणतो, त्याच्याकडे पुरावा मागा. पण ही पानं का करपली, हे शोधता येतं. पाणी बाटलीत भरून तपासता येतं. मेलेली शेळी उघडून बघता येते. झाडाची काळजी असेल तर एवढं करा, त्याच्या तोंडी शब्द घालू नका.”

शिंपिणीने एक करपलेलं पान उचलून उजेडात धरलं.

“मी इथून रोज जाते,” ती म्हणाली. “दिसलं कसं नाही?”

“आज तर डोळेच मिटायला सांगितले होते ना,” डॉक्टर म्हणाली. “कुणी तसं सांगितलं की आधी ते उघडायचे.”