बुजवलेली भोकं

मित्रांनो, तुमच्या नळाचं पाणी तुमच्याआधी मला भेटतं. मी डोंगराच्या पोटातला एक जुना जलबोगदा आहे. धरण आणि शहर यांच्यामध्ये हा डोंगर आडवा आला, म्हणून त्याला आरपार पोखरून मला घडवलं. खोदणारे दोन्ही बाजूंनी निघाले आणि मधोमध भेटले, तेव्हा चुकलं होतं फक्त चार बोटांनी. मोजणीदार तिथेच एका दगडावर बसून हसत सुटला, तो थांबेचना.

मग मला आतून काँक्रीटचं अस्तर दिलं. त्यात, वाहत्या पाण्याच्या जरा वर, दर दोन मीटरवर एक भोक ठेवलं. डोंगरात मुरलेलं पाणी अस्तरामागे साठलं की ते भिंतीला आत ढकलतं. भोकांतून ते माझ्यात उतरतं आणि भिंतीवरचा भार कमी होतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शाळेच्या सहली यायच्या. मुलं माझ्या तोंडाशी उभी राहून ओरडायची आणि मी त्यांचाच आवाज त्यांना परत द्यायचो. पुढे सहली थांबल्या. पाणी रोज येत होतं, त्यामुळे माझी आठवण कोणाला येणार?

वर्षातून दोन दिवस मात्र माझे दरवाजे बंद होतात. शहर टाक्यांतल्या पाण्यावर भागवतं आणि गमबूट घातलेली माणसं दिवे घेऊन आत येतात. शेवाळ खरवडतात, गाळ काढतात, भेगा भरतात. त्यांच्यात एक मिस्त्री होता. त्याच्यासारखा साफ हात मी दुसरा पाहिला नाही. सहा वर्षांपूर्वी त्याला एका भागात भोकांतून पाणी ठिबकताना दिसलं.

"भिंत गळतेय आणि सगळे नुसते बघतायत," असं म्हणत त्याने तिथली चाळीस भोकं बुजवली, तीही अशी की हात फिरवला तरी कळू नये. साहेबांनी पाठ थोपटली. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

पण त्या दिवसापासून माझ्यामागे पाणी चढू लागलं. मी वाहता असलो की आतलं पाणी भिंतीला टेकू द्यायचं. दर वर्षी मला रिकामं केलं की तो टेकू जायचा आणि भिंत केसभर आत यायची.

यंदा मिस्त्रीची पुतणी इंजिनिअर म्हणून पहिल्यांदाच आत आली. ती हातोडीने भिंत ठोकत, ऐकत चालली होती. एका जागी आवाज बदलला.

"काका, इथे ऐका."

"ऐकलं. वरचा थर सुटलाय. छिन्नीने काढतो, नवा गिलावा देतो. जेवायच्या आत मोकळे."

तिने भिंतीच्या बाजूने दोरी ताणून धरली. "भिंतीला पोट सुटलंय, काका."

"या वयात मलाही सुटलंय. त्याचं काय एवढं?"

माणसं हसली. तिने नकाशा उलगडला. "यात इथे भोकं दाखवलीत. भिंतीत एकही नाही."

"नसणारच. गळत होती. मीच बुजवली. सहा वर्षांत थेंब नाही पडला." त्याने छिन्नी टेकवली.

मित्रांनो, मला तोंडं दोन आहेत, पण बोलता एकातूनही येत नाही. तिथलं चार बोटं काँक्रीट जरी निघालं असतं, तर भिंत त्यांच्या अंगावर कोसळली असती आणि शहर कित्येक दिवस कोरडं राहिलं असतं.

पुतणीने त्याचा हात धरला. "काका, ती पाणी जायलाच ठेवलेली होती. आता ते मागे कोंडलंय. छिन्नी नका लावू."

"म्हणजे माझं काम वाईट?"

"वाईट असतं तर एखादं तरी भोक सुटलं असतं. मग एवढं पाणी कोंडलंच नसतं."

"कालची पोर मला भिंती शिकवते," तो पुटपुटला. मात्र त्याने हेल्मेट काढलं आणि भिंतीला कान लावला. मागे कोंडलेलं पाणी त्याला ऐकू आलं.

"मागे व्हा सगळे," तो हळूच म्हणाला. "ड्रिल इकडे द्या. बुजवली मी, उघडणारही मीच."

"फुगवट्यापासून लांबच्या भोकापासून सुरू करा. आणि समोर नको, बाजूला उभे राहा."

"बरं, बाईसाहेब."

पहिल्या भोकातून निघालेली धार समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. तो बाजूला असूनही नखशिखांत भिजला. फुगवट्यावरच्या भेगेवर पुतणीने आधीच आडवी काचेची पट्टी चिकटवली होती; भिंत जराही सरकली असती तर ती तडकली असती. दुसऱ्या दिवसापर्यंत चाळीसही भोकं उघडली, धारांची ठिबक झाली आणि काच शाबूत राहिली. फुगलेला भाग पुढच्या वर्षी नव्याने बांधायचं ठरलं. मला भरलं तेही दरवाजा वीतवीत उचलून, सावकाश.

त्याआधी मिस्त्रीने प्रत्येक भोकाभोवती लाल रंगाने गोल काढला आणि पहिल्याशेजारी लिहिलं, 'बुजवू नये. विचारायचं असेल तर मला विचारा.'

मित्रांनो, माझी निगा राखायची असेल तर आधी माझा नकाशा पाहा, मग हत्यार उचला. आणि वर्षातले ते दोन दिवस नळाची धार बारीक झाली, तर रागावू नका. तेव्हा कोणीतरी माझ्या भिंतीला कान लावून उभं असतं. त्याला घाई करू नका.