सांस्कृतिक राजधानीतला पडदा

मित्रांनो, मी भोसरीतला नाटकाचा एक जुना पडदा आहे. आज मी रागावून बोलणार आहे. ऐकून घ्या.

मला शिवलं शिवणाचं दुकान चालवणाऱ्या मुमताजभाभींनी. मखमल इतकी जाड, की मशीनची सुई सारखी मोडायची. मग त्यांनी हातानंच टाके घातले. कामगार सभागृहात मी लागलो. शिफ्ट सुटली की माणसं तालमीला यायची. अंगाला ऑइलचा वास आणि तोंडात संवाद. सुभद्राबाई दिवसभर कंपनीत लेथ मशीनवर उभ्या असायच्या, पण रंगमंचावर त्या बोलू लागल्या की मागच्या रांगेतलं रडकं पोरसुद्धा गप्प व्हायचं. टाळ्या त्यांना पडायच्या आणि फुगायचो मी!

पुढं छत गळू लागलं. दुरुस्तीसाठी सुभद्राबाईंनी महापालिकेत किती खेटे घातले! "पुढच्या वर्षी बघू," हेच उत्तर.

गेल्या वर्षी आमच्या शहराला वर्षभरासाठी 'सांस्कृतिक राजधानी'चा किताब मिळाला, रस्त्यावर स्वागताची कमान उभी राहिली. सोहळा आमच्याच सभागृहात ठरला आणि छत आठवड्यात दुरुस्त झालं. सुभद्राबाईंनी हौसेनं नवं नाटक बसवलं. आदल्या दिवशी आयोजक अर्जुनराव आले.

"तुमचं नाटक रद्द. मुंबईचे कलाकार येतायत."

"साहेब, पत्रिकेत आमचं नाव छापलंय," सुभद्राबाई म्हणाल्या.

"मग प्रेक्षकांत बसा की. आणि हा पडदा काढा, फोटोत बरा दिसत नाही."

मला ओरबाडून खाली काढलं. मागच्या दाराशी चिखल होता, त्यावर अंथरलं. दुसऱ्या दिवशी गाड्या मागच्या बाजूला लागल्या आणि पाहुणे माझ्यावर बूट पुसून आत गेले. उशिरा आलेले अजून बूट पुसत होते आणि आत भाषण चाललं होतं, "हा कामगारांच्या कलेचा सन्मान आहे!"

तेवढ्यात सुभद्राबाई धावत आल्या. मागं मुमताजभाभी.

"पाय काढा! ते पायपुसणं न्हाई, आमचा पडदा हाय!" सुभद्राबाई ओरडल्या.

भाभींनी मला उचलून छातीशी धरलं. त्यांची ओढणी चिखलानं भरली. दोघी मला घेऊन भर सभेतून, खुर्च्यांमधून चालत बाहेर पडल्या. भाषण क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

आता किताब दुसऱ्या शहराकडे गेला. सभागृह लग्नांना भाड्यानं देतात. तालमीसाठी किल्ली मागितली तर मिळत नाही. मी भाभींच्या दुकानात घडी होऊन पडलो आहे. चिखलाचे डाग धुऊनही गेले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या शहरात उद्या अशी कमान उभी राहिली, तर आधी विचारा, तालमीच्या जागेची किल्ली कुणाकडे आहे? उत्तर मिळेपर्यंत एकही टाळी वाजवू नका.