कच्च्या कैरीचं पन्हं

अठ्ठेचाळीस सालचा वैशाख. रझाकार येणार अशी आवई उठली आणि हदगावाकडचं एक खेडं पहाटेच रिकामं झालं. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. तिथं निजामाचा अंमल नव्हता. पण नदीच्या उतारावर रझाकारांचा पहारा होता, म्हणून माणसं दिवसभर काठच्या आमराईत दडून बसली.

दुपारी सिंधूचा सासरा सटवाजी कोसळला. अंग तापलेलं, घाम नाही, तोंडानं काहीबाही बरळणं. ऊन लागलं होतं. गुरं सोडून येतो म्हणून तिचा नवरा ग्यानोबा मागं राहिला होता, तो अजून आला नव्हता.

सिंधूनं पडलेल्या कैऱ्या ओच्यात गोळा केल्या, काटक्या रचल्या, चकमक झाडली. धूर वर जाताच संगप्पानं पायानं जाळ विस्कटला. तो गावातलाच वाणी. दोन तरण्या मुली घेऊन आला होता.

"धूर दिसंल, ताई. समदे मरतील."

"कैरी भाजल्याबिगर पन्हं कसं करू, आप्पा? मामा चाल्ले की माझे."

"माझ्या पोरी हायेत हितं." त्यानं उरल्या ठिणग्यांवर माती लोटली.

सिंधूनं मग कच्च्याच कैऱ्या दगडावर ठेचल्या. नदीच्या वाळूत खड्डा खणून तांब्याभर पाणी आणलं. शिदोरीतलं मीठ, गुळाचा खडा कालवून सगळं पदरातून पिळलं. चव जहर आंबट. पहिला घोट म्हाताऱ्यानं ओकला, दुसरा गालावरून ओघळला. मग ती बोट बुडवून थेंब थेंब जिभेवर सोडत राहिली. चोथा तळपायांना चोळला. संगप्पा पागोटं भिजवून आणायचा आणि कपाळावर ठेवायचा.

ऊन कललं तसा सटवाजीच्या मानेवर घाम फुटला. तो दोन घोट नीट प्याला आणि तांब्या दूर सारला.

"ग्यानोबाला ठेव. उन्हातून येऊन राहिला असंल."

"त्यांना ताजं करून देते. तुमी प्या, मामा."

उरलेलं पाजताना ती गावच्या वाटेकडं बघत होती. वाटेवर कुणी नव्हतं.

दिवस मावळताना पहारा हलला आणि माणसं उठली. मुलाला सोडून सटवाजी निघेना. संगप्पानं त्याला पाठीवर घेतलं, तर म्हातारा त्याच्या खांद्यावर मुठी मारू लागला.

"पोरगं राहिलं रे माझं."

"येतील ते मागून," म्हणत सिंधू पाण्यात उतरली.

सटवाजी वाचला. वऱ्हाडातल्या छावणीत सिंधू रोज नव्यानं येणाऱ्यांचे चेहरे बघायची. ग्यानोबा त्यांत कधीच नव्हता.