कढईकडे पाठ

कढईत पाच किलो गव्हाच्या अंकुरांचा रस होता, वीस किलो पीठ, आठ लिटर सरकीचं तेल आणि एक्केचाळीस गोटे. गोटे तळाशी घरंगळत राहिले की सुमलक, म्हणजे नवरोजची ती गोड दाट खीर, खाली लागत नाही. अंगणात बायका एकोणीस, चुलीत जर्दाळूची लाकडं. काल संध्याकाळी चढवलेली कढई आज नवरोजच्या सकाळी दहा वाजताही रटरटत होती. एव्हाना सुमलकला मधासारखी गोडी यायला हवी होती. सबोहतने बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं. कडू.

मर्गिलान शहरातल्या त्या गल्लीत अंकुर काढायचं काम तीस वर्षं तिच्या सासूकडे होतं. यंदा सासूचं मनगट मोडलं आणि गहू सुनेच्या हाती आला. सुमलक बिघडलं तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार. सासू एका शब्दानेही बोलणार नाही, हे सबोहतला माहीत होतं. तेच तिला नको होतं.

चूक कुठे झाली हेही तिला माहीत होतं. अंकुर ओल्या फडक्याखाली, अंधारात वाढवायचे आणि पांढरे असतानाच काढायचे. हिरवे झाले की कडवटपणा आलाच. पण ती वनस्पतिशास्त्र शिकलेली. दिवसातून चारदा फडकं उचलून, परात खिडकीशी नेऊन, पट्टी लावून ती अंकुरांची उंची वहीत टिपत होती. सहाव्या दिवशी शेंडे हिरवट दिसले, तेव्हा तिने तेही टिपून ठेवलं.

"काय गं, चाखलंस?" पलीकडच्या घरची सून दिलरबो वल्हं तिच्या हाती देत म्हणाली. कढई ढवळायला खरंच वल्ह्याएवढं लांब लाकूड होतं. "तोंड का असं? गोटा चावलास की काय?"

"गरम होतं."

दिलरबोने स्वतः चाखलं आणि डोळे बारीक केले. "हे सुमलक आहे की पोटदुखीचं औषध?"

आवाज मोठा होता. अठरा माना वळल्या. चुलीशी बसलेल्या हमरोखाला, म्हणजे हमरोमावशी, काठी टेकत उठल्या. गल्लीतल्या सगळ्यात वडील त्याच. त्यांनी चाखलं, ओठ पुसले आणि सबोहतकडे पाहिलं.

"फडकं किती वेळा उचललंस?"

"दिवसातून चारदा, खाला."

"आणि सासूने काय सांगितलं होतं?"

"उचलू नकोस म्हणून."

"मग?"

"मोजत होते."

"मोजत होती म्हणे! पोटात बाळ वाढतं तेव्हा काय करशील गं, दर तासाला बाहेर काढून बघशील?"

बायका खदखदल्या. सबोहतलाही हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले.

"रडू नकोस, खारट होईल," दिलरबो म्हणाली. "कडू आहे तेवढं पुरे."

हमरोखालांनी पहिल्या सुमलकची गोष्ट काढली. ती सगळ्यांना पाठ होती. भुकेली पोरं, गरीब आई, पाण्यात मूठभर अंकुर आणि पोरांना काहीतरी शिजतंय असं वाटावं म्हणून टाकलेले गोटे. आई थकून झोपली, फरिश्त्यांनी ढवळलं, सकाळी कढई काठोकाठ भरलेली.

"ते सगळे सांगतात," हमरोखाला म्हणाल्या. "माझी आजी पुढचं सांगायची. फरिश्ते त्याआधी तीनदा येऊन परत गेले होते. का? तर बाई टक्क जागी! बघत होती. कुणी टक लावून बघत असलं की त्यांचे हात चालत नाहीत. चला गं सगळ्या आत, चहा घ्या. सूनबाई, तू इथेच, या बाजेवर. कढईकडे पाठ कर आणि झोप."

"आणि ढवळणार कोण? दहा मिनिटांत तळ धरेल, खाला!"

"गोष्टीतल्या बाईच्या कढईचा धरला होता?"

अंगण रिकामं झालं. सबोहत बाजेवर आडवी झाली, पण तोंड कढईकडेच ठेवून. डोळे मिटले. थोड्या वेळाने तळाशी गोटे घरंगळले. खर्रर्र, खर्रर्र. तिने डोळे उघडले. वल्हं दाट सुमलकमध्ये ताठ उभं; जवळ कुणी नाही. मिटले. खर्रर्र. उघडले. शांत. तिने हे सहा वेळा केलं, कारण तीनदाच्या निरीक्षणावर तिचा विश्वास नव्हता. सहाही वेळा तेच.

सातव्यांदा पापणी हलली, तशी कढईच्या काठावरून कुणीतरी त्रासून म्हणालं, "अगं पोरी, एकदाचं ठरव काय ते. तू बघ, नाहीतर आम्ही ढवळतो. दोन्ही एकदम कसं व्हायचं?"

आवाज बाईचा होता, राबून थकलेल्या बाईचा. तिला बघावं, निदान किती जणी आहेत ते मोजावं, असं सबोहतला फार वाटलं. मग तिला सासूचा प्लास्टरमधला हात आठवला. तिने कूस बदलली, कढईकडे पाठ केली आणि पदराआड तोंड लपवावं तसा डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढला. मागे गोटे घरंगळत राहिले. कुणीतरी कुणाला तरी "सर की जरा तिकडे" म्हणालं, कुणीतरी हसलं. त्या आवाजात तिला गाढ झोप लागली.

"ऊठ, ऊठ! दोन वाजले!" दिलरबो तिला हलवत होती. तिच्या हातात चाटून पुसून स्वच्छ केलेला पियाला होता. "काय घातलंस गं यात? खरं सांग, साखर ना?"

"काही नाही. मी झोपले होते."

"साडेतीन तास?"

हमरोखालांनी चमचाभर घेतलं, डोळे मिटले आणि पियाला पुन्हा पुढे केला. सबोहतची सासू डाव्या हाताने खात होती. खाता खाता तिने सुनेच्या गालावरची काजळी पुसली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षीही तूच काढ अंकुर. वही मात्र माझ्याकडे दे."

चार वाजेपर्यंत गल्लीतल्या घराघरांत वाट्या पोचल्या. कढई रिकामी झाली, गोटे धुऊन टोपलीत गेले. मग सबोहतने बाह्या सारल्या, सुरी घेतली आणि कढईचा तळ बारा ठिकाणी खरवडून पाहिला. करपलेला थर, बाराही ठिकाणी: शून्य मिलिमीटर.