कॅझच्या जागेवरचा बर्फ

बफेलोच्या माणसांना बर्फाचा माज असतो. दुसऱ्या गावात चार बोटं बर्फ पडला की शाळा बंद होतात आणि दुकानातला ब्रेड संपतो, इथे कमरेइतका पडला तरी माणूस खिडकीतून बघून म्हणतो, "बरा पडलाय." बर्निस पावलाक त्यातलीच. एकाहत्तर वर्षांत तिने बर्फाला एकदाही वादळ म्हटलं नव्हतं. त्या जानेवारीत मात्र ती तीन दिवस येईल त्याला 'केवढं वादळ हे' असं सांगत होती, कारण मुलाची बाजू घ्यायला तिच्या हाताशी दुसरं काही नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलचा सामना रविवारचा होता. बाद फेरीचा, तोही क्लीव्हलँडशी, आणि या जुन्या स्टेडियमातला शेवटचा. जिंकलो तरी पुढचे सामने बाहेरगावी होते आणि हंगाम संपला की स्टेडियम पाडणार होते. एकतिसाव्या रांगेत बर्निसच्या नवऱ्याने, कॅझने, एकोणचाळीस वर्षं दोन जागा धरून ठेवल्या होत्या. कॅझ जाऊन तीन वर्षं झाली. त्याला पुरून आल्यावर त्यांचा एकुलता एक मुलगा टॉड क्लीव्हलँडला परत गेला, तो पुन्हा फिरकला नाही. तीन तासांचा तर रस्ता! पण "कामं असतात, आई," म्हटलं की आईने पुढे काय बोलायचं?

यंदा तो आपण होऊन म्हणाला होता, "शेवटचा सामना आहे. बाबांच्या जागेवर मी बसतो." बर्निसने त्या जागेचं तिकीट लगेच त्याच्या फोनवर पाठवून दिलं होतं. तिला आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं. जिंकणं-हरणं राहू दे बाजूला. मुलाने चार तास खांद्याला खांदा लावून शेजारी बसावं, इतकंच.

शनिवारी रात्री सरोवरावरून वारा सुटला. रविवारी पहाटे दाराबाहेर पायरी दिसेना. गाडी बाहेर काढायला बंदी झाली, आणि सामना सोमवारी दुपारी साडेचारवर ढकलला.

"रस्ता बंद आहे आई," टॉड फोनवर म्हणाला. "काय करू सांग."

"अरे, जीव धोक्यात घालू नकोस. केवढं वादळ आहे. उद्या उघडेल."

"उघडला की निघतोच."

सोमवारी सकाळी बंदी उठली. रांगेतला तिचा जुना शेजारी, हॅनरहन, आपला ट्रक घेऊन दारात आला. बर्निसने उकळत्या सुपाचा थर्मास घेतला. दोन सँडविच बांधली. एक साधं आणि एकात सॉसेजवर नाकातून पाणी काढणारी मुळ्याची चटणी, टॉडला लागते तेवढी. कोटाच्या आत तिने कॅझची पत्र्याची सुपली लपवली. फाटकावर फावडं आत नेऊ देत नाहीत. पण म्हातारीचा कोट कोण चाचपतो?

स्टेडियमची वाट आणि मैदान पगारी माणसांनी मोकळं केलं होतं, बाकांना कुणी हात लावला नव्हता. एकतिसावी रांग म्हणजे एक पांढरी भिंत होती. त्या रांगेचा एक नियम होता, कॅझनेच घालून दिलेला. आपली जागा आपण खणायची, आणि खेळ संपेपर्यंत तिच्यावर बर्फ साचू द्यायचा नाही. शेजारचा अजून यायचा असेल तर त्याचीही झाडत राहायची. कॅझ म्हणायचा, बर्फाने भरलेली जागा म्हणजे मेलेल्या माणसाची जागा.

बर्निसने आधी टॉडची जागा खणायला घेतली. वरचा बर्फ भुसभुशीत होता, खालचा दगड झाला होता. सुपली आपटत, दर दहा फटक्यांनी थांबत, तिने बाक मोकळा केला, पाय ठेवायला जागा केली, पाठीशी टेकणारा ढिगारा थापून गुळगुळीत केला. मग आपली जागा कशीबशी खरवडली.

"अगं, त्याची गादी केलीस आणि तुझा गोठा," हॅनरहन म्हणाला. "पोरगा चाळिशीचा आहे, पाळण्यातला नाही."

"तू तुझं खण."

"येतोय ना नक्की?"

"सकाळी निघालाय. वादळाचे रस्ते आहेत, वेळ लागणारच."

चार वाजून गेले. रांग भरली. टॉडच्या जागेवर नवा बर्फ पडायचा आणि बर्निस हाताने झाडायची. साडेचारला पाच कमी असताना एक धिप्पाड माणूस लोकांचे गुडघे ओलांडत आला. तपकिरी-नारिंगी जर्सी, दाढीत बर्फ. क्लीव्हलँडचा. रांगेने त्याचं जे स्वागत केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो हसत पुढे आला आणि त्या मोकळ्या जागेपाशी थांबला.

"ओ, इथे माणूस येणार आहे," बर्निस म्हणाली.

"मीच तो, मॅडम. एकतीस, आठ." त्याने फोन पुढे धरला. फोनवर एकतीस, आठ असंच होतं.

"ही जागा माझ्या मुलाची आहे."

"असेल. मी विकत घेतली." तो जपून टेकला. "झुपान माझं नाव. शनिवारी घरून निघालोय बघा. रात्रभर वाटेत ईरी गावातल्या एका शाळेत जमिनीवर झोपलो, दोनशे माणसं होतो. काल दिवसभर तिथेच. आज सकाळी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे मागे आलो."

बर्निसला वाटलं, टॉड कुठेतरी अडकला असणार आणि तिकीट फुकट जाऊ नये म्हणून शेवटच्या घटकेला देऊन टाकलं असणार. आईचं मन असल्या वेळी वकिलासारखं धावतं.

"आज घेतलंत का तिकीट?"

"छे, शुक्रवारी."

शुक्रवारी आकाश निळं होतं. शुक्रवारी वाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं.

"माणूस चांगला होता," झुपान बाकावर थोपटत म्हणाला. "मी विचारलं, बाकं बर्फात पुरलेली असतात म्हणतात, मी काय करू? तर हे बघा काय लिहिलंय त्याने." त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला, अंगठ्याने वर सरकवलं आणि मोठ्याने वाचलं. "'काळजी नको. शेजारी एक म्हातारी बसते. ती जागा साफ करून ठेवते.'" मान वर केली तेव्हा त्याला तिच्या हातातली सुपली दिसली. मग तिचं तोंड दिसलं. त्याने फोन खिशात टाकला.

बर्निसला तेव्हा थंडी वाजली. तीन दिवसांत पहिल्यांदा. विकलं त्याचं तिला एवढं लागलं नाही, माणसं विकतात. 'आई' लिहायला दोन अक्षरं लागतात, तेवढीही त्याला जड झाली होती.

खेळ सुरू झाला. बफेलोने पहिल्याच चढाईत टचडाउन केला, रांग उभी राहिली, बर्निसही राहिली, कारण बसून राहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. झुपान गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होता. मध्यंतर झालं. सुपाचा थर्मास तिने उघडलाच नाही.

तिसऱ्या भागात फोन थरथरला. टॉडचा निरोप होता. "आई, डंकर्कपर्यंत आलो होतो, पोलिसांनी परत फिरवलं. रस्ता बंद. बाबांची जागा रिकामी राहिली, फार वाईट वाटतंय."

"काय म्हणतो पोरगा?" पलीकडून हॅनरहन ओरडला. "आणि त्याच्या जागेवर हा नारिंगी भोपळा कोण बसवलाय?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बर्निस म्हणाली, "डंकर्कला अडवलं त्याला. तिकीट वाया जायला नको म्हणून यांना दिलं."

"डंकर्कला? अगं, रस्ता सकाळी नऊपासून उघडा आहे. माझी मेहुणी आली की त्याच रस्त्याने."

बर्निस पिशवीत काहीतरी शोधू लागली. तेव्हा झुपान मान न वळवता म्हणाला, "डंकर्कला फार वाईट होतं. मी सुटलो, माझ्या मागच्या गाड्या परत पाठवल्या."

"बिचारा पोरगा," हॅनरहन म्हणाला. "बापावर गेलाय. जीव टाकतोय सामन्यासाठी."

बर्निसने खाली बघितलं. क्लीव्हलँडच्या माणसाने तिची लाज झाकली होती, आणि ते उपकार तिला बोचले. तरी तिने पिशवीतून सँडविच काढलं, टॉडचं, आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. झुपानने एक घास खाल्ला. चटणीने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आवडलं नाही तर टाकून द्या."

"नाही, चांगलंय," तो म्हणाला आणि सगळं खाल्लं.

शेवटच्या भागात क्लीव्हलँड सतरा गुणांनी मागे पडलं. झुपान उठला. रात्री पुन्हा बर्फ येणार होता, त्याला ईरी ओलांडायचं होतं. "येतो, मॅडम. जागा फार छान खणली होतीत," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते उमजून घाईघाईने पायऱ्या उतरला.

बर्निसने हातमोजा काढून फोन घेतला. बोटं लाकडासारखी झाली होती, एकेक अक्षर शोधावं लागत होतं. तिने लिहिलं, "काळजी नको. म्हातारीने जागा साफ करून ठेवली होती."

पाठवलं. मग फोन वाजू लागला, 'टॉड' असं नाव झळकत राहिलं. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिने तो कोटाच्या खिशात घातला.

स्टेडियम आरोळ्यांनी दणाणत होतं. बर्फाचा जोर वाढला आणि मोकळ्या बाकावर पातळ थर धरू लागला. "बर्निस, कॅझची जागा," हॅनरहनने हाताने खूण केली. सवयीने तिने सुपली उचलली, एकदा झाडलं. मग सुपली पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड बांधलं. खेळ संपायला अजून चार मिनिटं होती.

"राहू दे," ती म्हणाली. "कोणी यायचं नाहीये."