सौंदडची कोणती?

मी एक काळा पडदा. तिरोड्याच्या दुर्गाप्रसादभाऊंच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. रंगीत पडद्याचा थाट माझ्याकडे नाही. नुसती एक लुकलुकणारी रेघ. हुकूम लिहा, काम घ्या. ‘डीआयआर’ लिहिलं की खणातला, म्हणजे फोल्डरमधला, माल दाखवतो, ‘सीडी’ लिहिलं की दुसऱ्या खणात नेतो, ‘कॉपी’ लिहिलं की इकडचं तिकडे उतरवतो. पण चुकीचा हुकूमही निमूट पाळतो. हीच माझी धास्ती.

भाऊ हे सगळं आपल्या आपण शिकले. एकदा ‘डेल’ लिहून मेहुणीच्या साक्षगंधाचे फोटो पुसून बसले. सासरवाडीत त्यांना अजून थंड चहा मिळतो.

२००७ च्या उन्हाळ्यात व्हायरसने रंगीत पडदा बंद पडला. गोंदियाचा मेकॅनिक म्हणाला, “सब साफ करना पडेगा.” त्याआधी लग्नांचे फोटो बाहेरच्या डिस्कवर न्यायचे, तेही माझ्याच हातून.

आमच्याकडे सून सासरी माहेरच्या गावानेच ओळखली जाते. म्हणून भाऊंचे खणही गावांच्या नावाचे: आमगाव, गोरेगाव, सौंदड. डिस्कवर काही लग्नं आधीच अर्धवट उतरली होती. मी विचारायचो, “या नावाचा फोटो तिथे आहे. तो पुसून त्यावरच उतरवू? हो, नको, की सगळेच?” भाऊ न वाचताच ‘सगळेच’ दाबायचे.

सौंदडची पाळी आली आणि माझं धाबं दणाणलं. डिस्कवरची सौंदडवाली रुख्मिणी, फेब्रुवारीतली. कॉम्प्युटरमधली भूमेश्वरी, मे महिन्यातली. कॅमेऱ्याने दोघींच्या फोटोंना तेच नंबर दिलेले. रुख्मिणीचे वडील उदाराम होळीनंतर वारले. लेकीला हळद लावतानाचे त्यांचे फोटो फक्त त्या डिस्कवर होते.

मी विचारलं. भाऊंचं बोट बटणावर आलं. मला ओरडता येत नाही.

“थांबा जी!” चहा घेऊन आलेल्या योगेश्वरीवहिनी म्हणाल्या. “सौंदडची कोणती?”

“सौंदडची म्हंजे सौंदडची. काऊन डोकं खाऊन राहिली?”

“लय शाणे! उदारामभाऊची पोरगी का केशोरावची?”

भाऊंचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी हुकूम मागे घेतला आणि नवा खण उघडला.

“याले नाव का देऊ?”

“तिले सोताचं नाव नाही का?”

भाऊंनी लिहिलं, भूमेश्वरी. मी एकही प्रश्न न विचारता सगळे फोटो उतरवले.

दिवाळीत रुख्मिणी आली. वडिलांचा हळदीचा फोटो मोठा करून घेऊन गेली. काय होता होता वाचलं, तिला कुणी सांगितलं नाही.

आता मला क्वचितच कुणी उघडतं. उघडलंत, तर एवढं करा: मी काही विचारलं की बोट उचला, आधी वाचा. मी एकदाच विचारतो.