मुकादमबाईंची टाळी

शर्ट शिवायच्या त्या लांबट खोलीत गोष्ट चांगली की वाईट, हे तोंडानं कुणी सांगत नसे. हात सांगायचे. गोष्ट फिकी असली की मशिनी भरधाव सुटायच्या. रंगली की एकेक मशीन मंदावायची, आणि शेवटी सुईसुद्धा कापडात रुतून कान टवकारायची. सगळं असं चिडीचूप झालं, की मुकादमबाईंची टाळी कडाडायची.

"पुरे! हात चालवा!"

गोष्ट तिथंच मोडायची. काजं करणारी साळुंकी, तोंड मिटत नाही म्हणून पडलेलं हे नाव, तिची एकही गोष्ट धड शेवटाला गेली नाही. पण त्या टाळीचा तिला कोण अभिमान!

पुढं कारखाना बंद पडला, मैत्रिणी पांगल्या. साळुंकी घरात भिंतींना गोष्टी सांगायची. भिंती ना मंदावत, ना वेग घेत. म्हणून भाचीनं सभागृहात तिच्या गोष्टींचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आमच्या बायका येतील ना गं? मला अजून जमतं का, ते त्यांनाच कळेल."

"येतील गं मावशी. आणि टाळ्या बघ कशा पडतात!"

"टाळ्या नकोत बाई," साळुंकी दचकून म्हणाली. भाचीला तो विनय वाटला.

कार्यक्रमाच्या दिवशी साळुंकीनं नावाड्याच्या लेकीची गोष्ट लावली. बाप नदीपार गेलेला, धुकं दाटलेलं, लेक काठावर गातेय:

नदीबाई नदी, तुझा धुक्याचा पदर,
बाप माझा पैलतीरी, जरा बाजूला तो धर.

"आणि काय सांगू बायांनो, धुक्यातून हाक आली..."

पुढच्या रांगेतून टाळ्यांचा कडकडाट झाला. साळुंकीनं तोंड मिटलं आणि मुकाट खुर्चीत बसली.

सभागृह क्षणभर गोंधळलं, मग उभंच राहिलं. अध्यक्ष गहिवरले. "हाक कुणाची ते सांगितलंच नाही! केवढा संयम!"

साळुंकीला काहीच कळेना. तिची नजर मागच्या रांगेवर होती. तिथं बसलेल्या कारखान्यातल्या बायका टाळ्या वाजवत नव्हत्या, नुसत्या डोळे वटारून बघत होत्या. पाहुणे पांगताच त्यांनी तिला गाठलं.

"अगं मेले, हाक कुणाची?"

"टाळी वाजली ना... मी थांबले."

"ती त्यांची! तुझी टाळी ही इथं उभी आहे."

काठी टेकत मुकादमबाई पुढं आल्या. पार वाळल्या होत्या, आवाज मात्र तोच. "मी वाजवली का?"

"तुम्ही ऐन रंगात आलं की वाजवायचात."

"मग? माल कोण काढणार होतं, तुझा नावाडी?" मुकादमबाई खाली बसल्या. हळूच म्हणाल्या, "घरी जाऊन रात्रभर मीच तळमळायचे गं, पुढं काय झालं असेल म्हणून. विचारणार कुठल्या तोंडानं?"

शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. बायकांनी आपापल्या खुर्च्या ओढून तिच्याभोवती कोंडाळं केलं. कॉलर लावणारीचा पाय सवयीनं जमिनीवर पॅडल मारत होता.

"तर हाक आली," साळुंकीनं सुरुवात केली, "पण बापाची नव्हे."

पॅडल मारणारा पाय थांबला.

साळुंकीनं सवयीनं मुकादमबाईंकडे पाहिलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली होती आणि दोन्ही हात शालीच्या आत घट्ट धरून ठेवले होते.